ॲग्रोइकॉलॉजी शिकायला प्रशिक्षण केंद्रात जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी गट, महिला बचत गट, उत्पादक कंपन्यांचे सभासद आणि कृषी शाखेचे विद्यार्थी केंद्रभेटीआधी जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना महाराष्ट्रातली कोरडवाहू आणि थोड्या ओलिताची शेती डोळ्यांसमोर ठेवली आहे.

ॲग्रोइकॉलॉजी म्हणजे सेंद्रिय शेतीच ना?

नाही. सेंद्रिय शेतीत काय वापरायचं नाही याची यादी असते आणि त्या यादीवर प्रमाणपत्र मिळतं. ॲग्रोइकॉलॉजी शेताकडे परिसंस्था म्हणून बघते. माती, पाणी, पीक, तण, किडी, जनावरं, बांधावरची झाडं, घरातलं ताट आणि बाजार यांचं एकमेकांशी काय नातं आहे, हा तिचा विषय. हा शब्द १९२८ च्या सुमारास बेन्सिन या रशियन कृषितज्ज्ञाने वापरात आणला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये तिचे दहा घटक मांडले. त्यांत विविधता आणि पुनर्चक्रण आहेच, शिवाय ज्ञानाची देवघेव, खाद्यपरंपरा आणि कारभारही आहे.

भेटीसाठी सगळ्यात कामाची मांडणी स्टीफन ग्लीसमन यांची आहे. त्यांनी बदलाचे पाच टप्पे सांगितले आहेत. पहिल्या टप्प्यात रासायनिक निविष्ठा (खतं, औषधं) जपून वापरायच्या आणि दुसऱ्यात त्यांच्या जागी जैविक निविष्ठा आणायच्या. तिसऱ्यात शेताची रचनाच बदलायची, चौथ्यात पिकवणारा आणि खाणारा यांना जोडायचं आणि पाचव्यात सगळी अन्नव्यवस्था बदलायची. बहुतेक सहली दुसऱ्या टप्प्यावर संपतात. युरियाच्या गोणीऐवजी जीवामृताचा (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांच्या आंबवलेल्या द्रावणाचा) ड्रम घरी येतो आणि शेत होतं तसंच राहतं. केंद्रात गेल्यावर तिसरा टप्पा शोधा. पिकं शेजारी-शेजारी का आहेत, पाणी कुठून कुठे जातं, शेण कुठून येऊन कुठे मुरतं, हे बघायचं असतं.

कोणतं केंद्र निवडावं?

पाऊस आणि जमीन आपल्यासारखी असेल ते. ५०० मिलिमीटर पावसाच्या, मुरमाड जमिनीच्या शेतकऱ्याने कालव्याखालच्या काळ्या जमिनीवरचं केंद्र बघितलं तर मन प्रसन्न होतं, पण गावी लागू पडेल असं फार कमी सापडतं. नाव किंवा इमारत न बघता आधी फोनवर चार गोष्टी विचारा: वार्षिक पाऊस किती, मातीची खोली किती, ओलीत किती महिने, जनावरं किती.

महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र आहे. सुरुवात तिथून करावी, कारण माती-पाण्याची प्रयोगशाळा बहुधा तिथेच असते. पाणलोट आणि उताराची जमीन बघायची असेल तर संगमनेर तालुक्यातलं वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टचं दरेवाडी, आणि जनावरं, चारा व शेती यांची सांगड बघायची असेल तर पुण्याजवळ उरुळीकांचनला ‘बायफ’ ही संस्था, जी मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उभी केली. गावठी बियाण्यांसाठी अकोले तालुक्यातलं कोंभाळणे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांना बियाणं जतनाच्या कामासाठी पद्मश्री मिळाली आहे. लातूर, नांदेड, सोलापूरकडच्या गटांना तेलंगणातलं झहीराबादजवळचं पस्तापूरही फार दूर नाही. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी तिथे कोरडवाहू जमिनीत भरड धान्यं, कडधान्यं आणि गळिताची मिश्र शेती टिकवली आहे. तेलुगू जाणणारं कुणीतरी मात्र सोबत हवं.

कुठेही न कळवता जाऊ नका. माहिती देणारा माणूस शेतात नसेल तर नुसते फलक वाचून परत यावं लागतं.

कोणत्या महिन्यात जावं?

काय बघायचं त्यावर ठरवा. मिश्र पिकं, मित्रकिडी, तण-व्यवस्थापन आणि पाणी मुरणं ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत दिसतं. रब्बी आणि आच्छादन डिसेंबर-जानेवारीत. बीजप्रक्रिया, उगवणशक्ती, खताची तयारी आणि बांधबंदिस्ती एप्रिल-मे मध्ये. एकदाच जाणं शक्य असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा गाठा. पावसाची उघडीप पडल्यावर कोणतं शेत तग धरतं आणि कोणतं माना टाकतं, हे त्याच दिवसांत डोळ्यांनी दिसतं.

खर्च कोण देतं?

‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) या सरकारी योजनेत शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे हा घटक आहे. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापकाकडे गटाच्या नावाने लेखी मागणी द्या. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून मागणी फेब्रुवारी-मार्चमध्येच पोचवा. अर्जात सभासदांची यादी, भेटीचा विषय, केंद्राचं नाव आणि परत आल्यावर कोण काय करून बघणार हे लिहा. स्वखर्चाने जात असाल तर जेवण, मुक्काम आणि प्रशिक्षण यांचे दर वेगवेगळे विचारून घ्या.

किती जणांनी जावं? कुणाला न्यावं?

२० ते २५. त्याहून जास्त असतील तर मागच्यांना ऐकू येत नाही आणि मातीला हात लावायची पाळी कुणाचीच येत नाही. प्रत्येक घरातून शक्यतो दोघांनी जावं, एक पुरुष आणि एक बाई. निंदणी, बियाणं साठवणं, शेण-गोठा ही कामं बहुतेक घरांत बायका करतात. त्यांना न नेता नवी पद्धत घरी आणली तर तिचं सगळं ओझं न विचारता त्यांच्यावर पडतं, आणि दुसऱ्या हंगामात ती पद्धत बंद होते. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि संध्याकाळी परतण्याची वेळ आधी ठरवलीत तर बायकांची संख्या आपोआप वाढते.

सोबत काय न्यावं?

आपल्या शेताची माती, विहिरीचं किंवा बोअरचं अर्धा लिटर पाणी, घरचं मूठभर बियाणं, रोगट पान किंवा कीड कागदी पिशवीत, सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि गेल्या दोन वर्षांचा एका पिकाचा खर्च. वही-पेन, टोपी, बंद बूट.

माती आणताना एवढं सांभाळा. शेतात नागमोडी चालत ८ ते १० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा ६ ते ८ इंच खोल खड्डा करा आणि त्याच्या भिंतीची वरपासून खालपर्यंत एकसारखी चकती काढा. सगळी माती घमेल्यात एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहा. सावलीत वाळवा. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा आणि नुकतंच खत टाकलेली जागा टाळा. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरली तर अहवाल चुकलाच म्हणून समजा. शिवाय एक आख्खं वाळलेलं ढेकूळ वेगळं न्या, ते पुढच्या चाचणीला लागतं.

केंद्रात मातीच्या कोणत्या चाचण्या स्वतःच्या हाताने करून बघाव्यात?

भेटीचा निम्मा वेळ या कामाला दिला तरी चालेल. तिन्ही चाचण्या केंद्राच्या शेतात करा, मग कुंपणाबाहेरच्या शेजाऱ्याच्या शेतात परवानगीने करा. जमीन मुळात सारखीच असल्याने जो फरक दिसेल तो मशागतीचा आणि व्यवस्थापनाचा असतो.

पहिली, पाणी मुरण्याची. सहा इंच व्यासाचं, दोन्ही बाजूंनी उघडं पत्र्याचं कडं घ्या आणि लाकडी फळी वर ठेवून तीन इंच जमिनीत ठोका. आत प्लास्टिकचा कागद अंथरा, त्यावर ४६० मिलिलिटर पाणी ओता आणि कागद हळूच काढून घ्या. हे पाणी एक इंच पावसाएवढं होतं. मुरायला किती मिनिटं लागली ते लिहा. लगेच दुसऱ्यांदा तेवढंच पाणी ओता. खरा आकडा हा दुसरा. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिलं पाणी भेगेत पळून जातं आणि जमीन फार चांगली असल्याचा भास होतो. चाचणी वाफशावर करावी.

दुसरी, ढेकळाची. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, तोंडावर जाळी ठेवा आणि बोराएवढं वाळलेलं ढेकूळ जाळीवर पाण्यात बुडेल असं ठेवा. पाच मिनिटांत ते विरघळून तळाशी गेलं तर मातीचे कण धरून ठेवणारा सेंद्रिय डिंक कमी आहे. ढेकूळ फुटलं नाही, पण भोवतीचं पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि तसंच राहिलं तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, असण्याची शंका घ्या. ही चाचणी पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात करायची. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात माती लवकर खाली बसते आणि चोपण जमीनही निर्दोष वाटते.

तिसरी, कुदळीची. एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा करून माती गोणपाटावर घ्या. गांडुळं मोजा, मुळं कुठवर गेली ते बघा, ६ ते ८ इंचांवर नांगराचा कडक थर लागतो का ते खिळ्याने टोचून बघा. मे महिन्यात गांडूळ दिसलं नाही म्हणून जमीन मेली असं ठरवू नका. उन्हाळ्यात ती खोल जातात. ही मोजणी पावसाळ्यातच करावी.

प्रयोगशाळेच्या अहवालात आधी सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय पदार्थातला कार्बन) बघा. ०.५ टक्क्यांखाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम, त्याच्या वर चांगला. केंद्राकडे पहिल्या वर्षापासूनचे अहवाल असतील तर मागून घ्या. कर्ब हळूहळूच वाढतो. एका वर्षात दुप्पट झाल्याचं कुणी सांगितलं तर दोन्ही नमुने एकाच जागेचे, एकाच खोलीचे आणि एकाच महिन्यातले आहेत का, हे विचारा.

जीवामृताचं प्रमाण काय? ते बिघडतं कशामुळे?

एका एकरासाठी २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, १ ते २ किलो गूळ, १ ते २ किलो बेसन आणि बांधावरची किंवा झाडाखालची मूठभर माती. ड्रम सावलीत ठेवा, तोंडावर गोणपाट बांधा, दिवसातून दोन-तीन वेळा काठीने ढवळा. ४८ तासांनी वापरायला तयार होतं आणि साधारण आठवड्याच्या आत संपवावं.

बिघडण्याची कारणं ठरलेली आहेत. झाकण घट्ट लावलं की हवा कोंडते आणि कुजका वास येतो. नळाचं क्लोरिनयुक्त पाणी थेट वापरलं तर जिवाणूच मरतात. ते एक दिवस उघडं ठेवून वापरा. लोखंडी ड्रम गंजतो. उन्हात ड्रम तापतो. न गाळता ठिबकमध्ये सोडलं तर ड्रिपर तुंबतात, म्हणून आधी एक रात्र निवळू द्या, वरचं पाणी दुहेरी कापडातून गाळा आणि शेवटी साध्या पाण्याने नळ्या धुवा. जमीन कोरडी असताना दिलं तर उपयोग होत नाही, ओल पाहिजे. आणि कच्च्या खायच्या पालेभाज्या, काकडी, कोथिंबीर यांच्यावर काढणीच्या तोंडावर जीवामृत फवारू नका. त्यात ताजं शेण आहे आणि शेणातले रोगजंतू पानावर राहतात.

जीवामृताने पिकाची अन्नद्रव्यांची गरज भागते का?

हिशेब करून बघा. १० किलो ताज्या शेणात साधारण ५० ग्रॅम नत्र असतं. १० लिटर गोमूत्रात सुमारे १०० ग्रॅम धरा, २ किलो बेसनात ७० ग्रॅम. सगळं मिळून पाव किलोच्या आतबाहेर. दहा क्विंटल ज्वारीच्या नुसत्या दाण्यातून शेताबाहेर जाणारं नत्र मात्र सुमारे १६ किलो असतं. म्हणजे जीवामृत हे खत म्हणून पुरं पडत नाही. त्याला विरजणासारखं धरा. विरजण लावायला आधी दूध हवं, आणि इथे दूध म्हणजे जमिनीतला सेंद्रिय पदार्थ. शेणखत, कडधान्यांचा बेवड, हिरवळीचं खत, गिरिपुष्पाचा पाला यांतून नत्र किती येतं, हे केंद्राला विचारा. याचं उत्तर आकड्यांत देणारं केंद्र शिकण्याच्या लायकीचं आहे.

‘एका देशी गाईवर ३० एकर’ हे वाक्यही इथेच तपासता येतं. गाय रोज साधारण १० किलो शेण देते, म्हणजे महिन्याला ३० ड्रम, एकरी महिन्याला एक. जीवामृतापुरतं गणित बरोबर आहे. पण तेच सगळं शेण ड्रममध्ये गेलं तर शेणखताला काही उरत नाही. एका जनावराचं वर्षाचं ताजं शेण साडेतीन टनांच्या आसपास, आणि कुजून ते निम्म्यावर येतं. कोरडवाहू जमिनीला हेक्टरी ५ टन शेणखताची शिफारस धरली तर एकरी दोन टन लागतात. म्हणजे जमीन भरून काढायला एकरामागे एक जनावर हवं. या दोन आकड्यांची गल्लत झाल्यामुळे पुष्कळांची फसगत होते.

नाडेप टाकी आणि गांडूळखत यांतलं काय निवडावं?

पाणी कमी, काडीकचरा भरपूर आणि शेण थोडं असेल तर नाडेप. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी ही पद्धत विकसित केली आणि त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ती ओळखली जाते. टाकी आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली. साहित्य: १४०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली माती आणि काडी किती सुकी आहे त्यानुसार १५०० ते २००० लिटर पाणी. आधी तळ आणि भिंती शेणकाल्याने भिजवा. मग सहा इंच काडीकचरा, त्यावर ४ किलो शेण १२५ ते १५० लिटर पाण्यात कालवून, त्यावर ५० ते ६० किलो माती. असे ११-१२ थर देत टाकीच्या वर दीड फूट झोपडीसारखा आकार आणा आणि मातीच्या तीन इंच थराने व शेणाने लिंपून टाका. १५-२० दिवसांत ढीग आठ-नऊ इंच बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपा. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत निघतं.

बहुतेक ठिकाणी चूक भरण्यात होते. टाकी एक-दोन दिवसांत भरली पाहिजे. रोजचा कचरा थोडा थोडा टाकत महिनाभर भरली तर उष्णता तयार होत नाही, तणांचं बी जिवंत राहतं आणि टाकीची कचराकुंडी होते. दुसरी चूक माती वाचवण्याची. कुजताना सुटणारा अमोनिया माती धरून ठेवते. माती कमी पडली की नत्र वासाबरोबर उडून जातं. तिसरी, लिंपणाला पडलेल्या भेगा तशाच सोडणं.

गांडूळखताला कचरा कमी लागला तरी रोजचं लक्ष लागतं. तीन फूट रुंद, दीड ते दोन फूट उंच वाफा, वर सावली. शेण किमान पंधरा-वीस दिवस जुनं हवं. हात खुपसल्यावर गरम लागलं तर गांडुळं सोडू नका, ती एका रात्रीत मरतात किंवा पळतात. चौरस मीटरला साधारण एक किलो गांडुळं सोडा. मूठ दाबल्यावर ओल जाणवावी पण पाणी टपकू नये. ४५ ते ६० दिवसांत चहाच्या पावडरीसारखं खत मिळतं. ते काढण्याआधी चार-पाच दिवस पाणी बंद करा, म्हणजे गांडुळं खाली जातात. वाफ्याभोवती पाण्याची चारी नसेल तर मुंग्या येतात. या वाफ्यातली आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं शेतात सोडण्यासाठी विकत घेऊ नका. ती शेणात आणि कुजलेल्या कचऱ्यात जगतात, उघड्या शेतात तग धरत नाहीत.

काडीकचरा गाडला आणि पीक पिवळं पडलं. असं का?

जिवाणूंना कर्बाबरोबर नत्र लागतं. कर्ब-नत्राचं गुणोत्तर २५ च्या आसपास असेल तर कुजणं सुरळीत होतं. शेणखत २० च्या जवळ असतं, गव्हाचं काड ८० च्या आसपास आणि उसाचं पाचट १०० च्याही पुढे. असा सुका माल पेरणीच्या तोंडावर गाडला की जिवाणू जमिनीतलं नत्र उचलतात आणि पीक उपाशी राहतं. उपाय साधे आहेत. तो माल आच्छादन म्हणून वर राहू द्या, किंवा पेरणीच्या दोन-तीन महिने आधी ओल असताना शेणकाल्यासोबत गाडा. आच्छादनाला एका गुंठ्याला ५० किलो काड धरा. वाळवी आणि उंदीर वाढतात का, याच्यावर नजर ठेवा.

ताग घेणार असाल तर एकरी २० ते २५ किलो बी आणि फुलोऱ्याआधी, ४५ दिवसांच्या सुमारास गाडणी. उशीर झाला की काडी लाकडासारखी होते. कमी पावसाच्या भागात ताग मुख्य पिकाची ओल खातो, तिथे तो बांधावर किंवा पट्ट्यांत घ्या.

चुनखडीच्या जमिनीत सोयाबीनची शेंड्याकडची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर तो लोहाच्या कमतरतेचा प्रकार असतो. त्याला काडीकचऱ्याशी जोडू नका.

मिश्र पिकांत नेमकं काय बघायचं?

ओळींचं प्रमाण आणि त्यामागचं कारण. सोयाबीन-तूर ४:२, बाजरी-तूर २:१, कापूस-मूग किंवा कापूस-उडीद १:१ ही आपल्याकडे रुळलेली प्रमाणं आहेत. तूर पहिले दोन महिने हळू वाढते आणि मूळ खोल नेते. तोवर सोयाबीन जमीन झाकून घेतं आणि शंभरेक दिवसांत निघून जातं, मग तुरीला मोकळी जागा आणि परतीच्या पावसाची ओल मिळते. ऊन, ओल आणि वेळ यांची ही वाटणी आहे. शेतात उभं राहून विचारा: पेरणी कोणत्या पाभरीने केली, कोळपं कसं फिरतं, एक पीक काढताना दुसऱ्याचं किती नुकसान होतं. पसरट वाढणारी तूर ४:२ मध्ये घेतली तर सोयाबीनच्या कडेच्या ओळी सावलीत दबतात, म्हणून वाणाचं नावही लिहून घ्या.

फवारणी न करता किडी आटोक्यात राहतात का?

सगळ्या नाही, आणि पहिल्या वर्षी तर नाहीच. केंद्रात सापळ्यांपेक्षा वहीकडे आधी लक्ष द्या. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) एकरी दोन, पतंग रोज मोजलेले, ल्यूर म्हणजे वासाची वडी वेष्टनावरच्या मुदतीत बदललेली. कपाशीत गुलाबी बोंडअळीचे सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले की नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात. ही नोंद नसेल तर सापळा नुसता शोभेला टांगलेला असतो. पक्षीथांबे एकरी २०, पिकापेक्षा फूटभर उंच. कपाशीच्या कडेने चवळी लावली की तिच्यावर मावा येतो आणि माव्यामागे ढालकिडे व क्रायसोपा येतात. चवळीवरचा मावा बघून घाबरून फवारलं तर मित्रकिडींचा पाळणाच मोडतो.

पाच टक्के निंबोळी अर्क: ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी, संध्याकाळच्या वेळी फवारा. उन्हात त्याचा गुण उडतो.

दशपर्णी अर्क (दहा वनस्पतींच्या पाल्याचा) बिनविषारी आहे असं समजू नका. त्यात धोतरा, कण्हेर, रुई असतात आणि तिन्ही माणसालाही बाधतात. तंबाखूचा अर्क तर मित्रकिडींनाही मारतो. हातमोजे, तोंडाला फडकं, वेगळी भांडी, मुलांपासून लांब साठवण. रिकाम्या शीतपेयाच्या बाटलीत अर्क भरून ठेवणं जिवावर बेतू शकतं.

तणनाशक सोडलं तर निंदणीचा खर्च परवडेल का?

हा सगळ्यात खरा प्रश्न आहे आणि कित्येक केंद्रांत त्याला बगल दिली जाते. केंद्राला एकरी निंदणीच्या मजुरांची संख्या विचारा, आणि ते मजूर केंद्राच्या पगारावर आहेत की रोजंदारीचे हेही विचारा. खर्च कमी करायचे मार्ग आहेत: पहिल्या पावसावर तण उगवू देऊन वखराची पाळी घालणं, मग पेरणी, १५ ते २० दिवसांनी पहिली कोळपणी, ३० ते ३५ दिवसांनी दुसरी, लवकर जमीन झाकणारं आंतरपीक. वाफसा चुकला आणि झडीचा पाऊस लागला तर कोळपणी हुकते. त्या पंधरवड्यासाठी मजुरीचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. हराळी आणि लव्हाळ्याचा प्रादुर्भाव असेल त्या तुकड्यावर पहिल्या वर्षी प्रयोग करू नका.

केंद्राला हिशेबाचे कोणते प्रश्न विचारावेत?

जमिनीवर अनुदान किंवा देणगीचा पैसा किती लागला. शेण विकत आणता की घरचं. दुष्काळी वर्षात एकरी काय पिकलं. माल कुठे, कोणत्या भावाने जातो, आणि साध्या बाजारात गेला असता तर काय मिळालं असतं. कोणता प्रयोग फसला आणि सोडून दिला. शेवटचा प्रश्न जरूर विचारा. त्याचं उत्तर मोकळेपणाने मिळालं तर बाकीच्या उत्तरांवर भरवसा ठेवता येतो. दुपारी केंद्राच्या भोवतालच्या दोन शेतकऱ्यांनाही भेटा. केंद्राचं काम त्यांच्या बांधापर्यंत पोचलंय का, हे त्यांच्या शेतात दिसतं.

केंद्रातून रोपं, बियाणं, गांडुळं आणावीत का?

बियाणं आणा, थोडं. वाणाचं नाव, कालावधी आणि ते कोणत्या जमिनीतलं आहे हे पाकिटावर लिहा. घरी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा. सोयाबीनचे ७० पेक्षा कमी उगवले तर ते पेरणीला वापरू नका, किंवा बियाण्याचं प्रमाण त्या हिशेबाने वाढवा.

मातीच्या पिशवीतली रोपं मात्र विचार करून घ्या. सूत्रकृमी मातीबरोबर प्रवास करतात आणि एकदा डाळिंबाच्या किंवा भाजीपाल्याच्या शेतात शिरले की निघत नाहीत. पिशवी फाडून मुळांवर गाठी आहेत का ते बघा. परत निघताना बुटांना चिकटलेली माती झाडून टाका. गाजरगवताचं बी असंच गावोगाव जातं.

परत आल्यावर सुरुवात किती क्षेत्रावर करावी?

१० गुंठे. त्याला लागून त्याच जमिनीचे, त्याच उताराचे दुसरे १० गुंठे नेहमीच्या पद्धतीने ठेवा. पेरणीची तारीख आणि वाण दोन्हींत एकच. एका वेळी एकच गोष्ट बदला. जीवामृत, आच्छादन आणि नवं वाण एकाच हंगामात आणलं तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

काढणीला दोन्ही तुकड्यांच्या मधोमध एक-एक गुंठा आखून घ्या, त्याचं उत्पन्न वेगळं झोडपा, वाळवा, वजन करा आणि ४० ने गुणा. एकरी उतारा मिळेल. कडेच्या ओळी मोजू नका, तिथे पीक नेहमीच जोमदार दिसतं. घरच्या माणसांची मजुरीही लिहा, बाजारभावानेच. पाणी मुरण्याची चाचणी जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये दोन्हीकडे करा. तीन हंगाम नोंदी झाल्याशिवाय सगळी जमीन बदलू नका. पहिल्या दोन वर्षांत उतारा घटण्याची शक्यता असते, आणि कर्ज डोक्यावर असलेल्या घराने ती जोखीम १० गुंठ्यांपुरतीच घ्यावी.

सेंद्रिय प्रमाणपत्राचं काय?

भेटीने ते मिळत नाही, केंद्र फक्त वाट दाखवतं. देशातल्या बाजारासाठी पीजीएस ही सहभागी हमी पद्धत गटांना सोयीची आहे. शेजारपाजारचे किमान पाच शेतकरी एकत्र येतात आणि एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. रूपांतराचा काळ हंगामी पिकांना दोन वर्षं, फळबागांना तीन. निर्यातीसाठी एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालील संस्थेकडून प्रमाणीकरण लागतं, आणि ते महाग पडतं. दोन्हींत कागदपत्रं मुळाशी असतात, म्हणून पेरणी, निविष्ठा आणि विक्रीची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. शेजारच्या फवारणीचे तुषार येत असतील तर बांधाला दाट झाडोरा लावा आणि कडेच्या पट्ट्याचा माल वेगळा काढा.

दुसऱ्यांदा जाण्यात अर्थ आहे का?

आहे, पण वही घेऊन. पहिली भेट सप्टेंबरची असेल तर दुसरी मे महिन्यात ठेवा आणि आपल्या दोन तुकड्यांचे आकडे, फसलेल्या खताचा नमुना आणि दोन्हीकडची माती सोबत न्या. त्या दिवशी व्याख्यान मागू नका, केंद्राच्या माणसाला आपले आकडे तपासायला सांगा.